जळमटं आणि महाजाल

शाळेच्या ग्रंथालयाबद्दल बोलताना माणसं ‘जाळं’ हा शब्द दोनच अर्थांनी वापरतात. एक कोळ्याचं, जे आमच्याकडे भरपूर असणार अशी त्यांची खात्री असते. आणि दुसरं संगणकाचं, जे आमच्याकडे नाही म्हणून त्यांना आमची कीव येते. पहिलं काढायला बाईंना एक लांब दांड्याची केरसुणी द्यावी, दुसरं समजायला दोन दिवसांचं प्रशिक्षण द्यावं, की एकविसावं शतक शाळेच्या फाटकातून आत आलंच म्हणून समजा, अशी आमच्या शालेय समितीची भाबडी श्रद्धा आहे. एरवी मी कोणाच्या श्रद्धेच्या वाटेला जात नाही. पण ही श्रद्धा माझ्या कपाटांच्या मुळावर उठली आहे, तेव्हा बोलणं भाग आहे.

मी तालुक्याच्या गावातल्या एका हायस्कुलात सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे. त्यातली पहिली नऊ वर्षं मी ‘अर्धवेळ’ होते. अर्धवेळ ग्रंथपाल हा प्राणी ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: त्याचा पगार अर्धा असतो, बाकी सगळं पूर्ण असतं. कोणी शिक्षक रजेवर गेले की वर्ग गप्प बसवायला ग्रंथपाल, शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला ग्रंथपाल, स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या गुच्छाला पाणी मारायलाही ग्रंथपालच. वर्षातून एकदा, १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, सगळ्यांना अचानक आठवतं की या बाईंच्या ताब्यात पुस्तकंही आहेत. मग फोटो निघतो. फोटोत पुस्तक उलटं धरलेलं असतं, पण ते मुलांनी नव्हे, पाहुण्यांनी.

तर प्रशिक्षण. ‘ग्रंथपालांसाठी नवे वेब तंत्रज्ञान’ अशी दोन दिवसांची कार्यशाळा झाली. कुठे झाली ते सांगत नाही, कारण उपमा चांगला होता आणि खाल्ल्या उपम्याला जागावं. पंचविशीतला एक चुणचुणीत मुलगा शिकवायला होता. त्याने आम्हा सगळ्यांकडे, म्हणजे त्या पंचावन्न चष्म्यांकडे एकवार नजर टाकली आणि अत्यंत प्रेमळपणे म्हणाला, “मॅडम, सर, घाबरायचं नाही हं! माउस चावत नाही.” हा विनोद मी अगदी पहिल्या प्रशिक्षणापासून ऐकत आले आहे. मधल्या काळात माउसची शेपटी गेली, आतला गोळा गेला, विनोद मात्र आहे तसा आहे. मग त्याने फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढलं, त्याला काड्या जोडल्या आणि सांगितलं, “ही लिंक. ह्याच्यावर टिचकी मारली की आपण दुसऱ्या माहितीवर जातो. ही आयडियाच एकदम नवीन आहे.”

इथे मात्र मला राहवलं नाही. कारण ही कल्पना नवीन नाही, ती माझ्या खणात आहे.

आमच्या तालिकेच्या खणात साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरची कार्डं असतात. खाली भोक, भोकातून सळई, म्हणजे पोरांनी पत्ते खेळायला पळवू नयेत. त्यातलं एक कार्ड काढा. त्यावर लिहिलेलं असतं: ‘कुसुमाग्रज. पाहा: शिरवाडकर, वि. वा.’ दुसऱ्यावर: ‘आरती प्रभू. पाहा: खानोलकर, चिं. त्र्यं.’ तिसऱ्यावर: ‘केशवसुत. पाहा: दामले, कृष्णाजी केशव.’ मराठी लेखकांना आईवडिलांनी ठेवलेल्या नावाने लिहिण्याची लाजच वाटत असल्यामुळे आमची निम्मी कार्डं ‘पाहा’चीच असतात. हे ‘पाहा’ म्हणजे लिंक नाही तर काय? फरक एवढाच, की माझी लिंक तुटत नाही. महाजालावर टिचकी मारावी तर ‘४०४, पान सापडले नाही’ असं येतं. आमच्याकडे ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात ४०० म्हणजे भाषा. त्यामुळे ४०४ शोधत आलेल्या माणसाला अगदी ते पुस्तक नाही मिळालं, तरी शेजारी एखादं व्याकरण तरी हाताला लागतं.

मी ग्रंथपालांची फुशारकी मारते आहे असं वाटेल. मारतेच आहे. ड्यूईने आपलं वर्गीकरण १८७६ साली काढलं. सगळं ज्ञान दहा कप्प्यांत बसवलं आणि पुढचं पुढे बघू म्हणून टिंब देऊन ठेवलं. त्या बिचाऱ्याला रेडिओही ठाऊक नव्हता. पण संगणक आला तेव्हा त्यालाही शेवटी आमच्याच फळीवर, ००४ वर, मांडी घालून बसावं लागलं. पुस्तकांच्या नोंदी यंत्राला वाचता याव्यात म्हणून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हराम या बाईंनी ‘मार्क’ नावाची पद्धत बसवली ती १९६०च्या दशकात. लेखक १०० क्रमांकाच्या रकान्यात, शीर्षक २४५ मध्ये. आजही जगभर तेच चालतं. महाजालाचा पहिला प्रस्ताव टिम बर्नर्स-ली यांनी मांडला १९८९ साली. म्हणजे जाळं विणायच्या वीस वर्षं आधी आमच्या बाया यंत्राला ओळी शिकवत होत्या. आणि आम्हाला सांगतात, माउस चावत नाही!

बरं, मी शिकायला नाही म्हटलं का? मुळीच नाही. उलट मी हट्टाने शिकले. ‘कोहा’ नावाची ग्रंथालयाची संगणकप्रणाली आहे. १९९९ साली न्यूझीलंडमधल्या एका भागातल्या ग्रंथालयांनी ती करून घेतली, कारण त्यांची जुनी प्रणाली २००० साल उजाडताच मान टाकणार होती. कोहा हा माओरी शब्द, अर्थ देणगी. त्यांनी ती केली आणि जगाला खरोखरच फुकट देऊन टाकली. इकडे आमच्याकडे पंखा देणगी दिला तरी पात्यांवर तिन्ही पिढ्यांची नावं घालतात. भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत येऊन ती मला बसवून दिली आणि ६,४१२ पुस्तकांची नोंद करायला मी बसले. दिवसाला चाळीस म्हटली तरी एकशे साठ दिवस. त्यात वीज, परीक्षा, निवडणूक आणि गुच्छांना पाणी धरून दोन वर्षं लागली.

त्या दोन वर्षांत मला जे कळलं ते कार्यशाळेतल्या मुलाला ठाऊक नव्हतं. उदाहरणार्थ, २००३ साली अनुदानाच्या घाईत पुस्तकांची यादी बाजारातल्या टंकलेखन केंद्रातून करून घेतलेली होती. ती उघडली. पडद्यावर एकही मराठी अक्षर नाही. नुसती रोमन अक्षरं, कंस, टक्के आणि डॉलर. जुन्या फॉन्टांची ही करामत. आत अक्षर रोमनच, वर मराठीचा मुखवटा. मुखवट्याचा फॉन्ट त्या यंत्रात नसला की सोंग उघडं पडतं. त्या यादीत ‘स्वामी’ हे नाव कुठल्याशा कंसात आणि टक्क्यात समाधी घेऊन बसलं होतं. युनिकोड आलं आणि प्रत्येक मराठी अक्षराला जगात स्वतःचा क्रमांक मिळाला, हे मराठी भाषेवरचं केवढं उपकार आहेत, हे मराठी भाषा दिनाच्या एकाही भाषणात मी ऐकलेलं नाही.

तरी युनिकोडातही गंमत आहेच. आपला ‘ॲ’ घ्या. याला स्वतंत्र क्रमांक मिळाला २००८ साली. तोपर्यंत लोक साध्या अ वर चंद्र चढवून ‘अॅ’ करत असत, आणि आजही करतात. दिसायला दोघे जुळे भाऊ. पण साधासुधा शोध घेणाऱ्या यंत्राच्या लेखी एकमेकांना न ओळखणारे. यादीत ॲसिड एका पद्धतीने नोंदलेलं आणि पोराने दुसऱ्या पद्धतीने शोधलं की उत्तर येतं: नाही. पुस्तक तीन फुटांवर कपाटात असतं, आणि यंत्र छातीठोकपणे ‘नाही’ म्हणतं. किंवा क्रमवारी घ्या. आपण शाळेत क्ष आणि ज्ञ शेवटी शिकतो. यंत्राला वेगळं बजावून ठेवलं नाही, तर ते ज्ञानेश्वरीला ज च्या रांगेत नेऊन उभी करतं. यात तंत्रज्ञान वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याच्याजवळ मराठी जाणणारा माणूस बसलेला पाहिजे, एवढंच म्हणते. आणि तो माणूस नेमका कमी करायचा घाट घातला जातो आहे.

आता दोन प्रकारच्या मंडळींचा समाचार घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पहिली मंडळी आमच्या बाजूची म्हणवतात, म्हणून जास्त धोक्याची. हे पुस्तकाचा वास घेणारे लोक. “काही म्हणा बाई, त्या स्क्रीनमध्ये काय आहे? कोऱ्या पुस्तकाचा तो वास, जुन्या पानांचा तो गंध...” असं म्हणून डोळे मिटतात. सद्गृहस्थ हो, तुम्ही कधी मे महिन्यात पुस्तक पडताळणी केली आहे का? जुन्या पुस्तकाचा वास म्हणजे कागद सडत असल्याची बातमी. बुरशी, कसर आणि वाळवी यांचं ते संयुक्त निवेदन असतं. मी तो वास सव्वीस वर्षं घेते आहे आणि मला त्यापायी दर पावसाळ्यात शिंकांची ओळीने चाळीस आवर्तनं होतात. या वासवाल्यांपैकी एकाच्याही नावावर माझ्या नोंदवहीत गेल्या पाच वर्षांत पुस्तक नाही. पुस्तकं ही वापरण्यासाठी असतात, हे रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम म्हणून सांगितलं. हुंगण्यासाठी असतात असा सहावा नियम त्यांनी केलेला माझ्या वाचनात नाही. हे रंगनाथन मुळात गणिताचे मास्तर. लंडनच्या एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहून त्यांना कोलन वर्गीकरण सुचलं. नवं खेळणं दिसल्यावर नाक मुरडणाऱ्यांतले ते नव्हते.

दुसरी मंडळी पीडीएफ पाठवणारी. पहाटे साडेपाचला ‘सुप्रभात’ आणि त्याखाली शंभर मराठी पुस्तकं. “बाई, तुमच्या लायब्ररीला भेट! आता विकत घ्यायची गरजच नाही.” आमच्या एका हितचिंतकांनी हयात लेखिकेची नवी कादंबरी मला अशी ‘भेट’ दिली आणि वर पुण्य मिळाल्याच्या आनंदात दोन हात जोडलेले पाठवले. दुसऱ्याच्या परड्यातली फुलं तोडून देवाला वाहणारी जी जमात आहे, तिचीच ही शहाणी शाखा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याचा हक्क चालतो. साने गुरुजी १९५० साली गेले. म्हणजे २०११ सालापासून त्यांचं लेखन सगळ्यांचं. ते खुशाल उतरवून घ्या, छापा, मुलांना वाटा. मी स्वतः फळीवर ठेवते. पण पु. ल. देशपांडे २००० साली गेले, तेव्हा २०६० साल संपेपर्यंत थांबायला हवं. हा हिशेब पाचवीतल्या पोराला समजतो. बी. ए., बी. एड. झालेल्याला समजत नाही, कारण त्याला पीडीएफ आलेली असते.

आता ज्याच्यासाठी हा सगळा त्रागा, ते सांगते.

गेल्या वर्षी आठवीतला एक मुलगा ‘आपल्या परिसरातील साप’ असा प्रकल्प घेऊन आला. आमचा भाग उसाचा; साप हा परिसरातला नव्हे, घरातलाच विषय. पोराने कष्ट घेतले होते. महाजालावरून चित्रं छापून आणली, चिकटवली, खाली रंगीत पेनाने नावं. एका चित्राखाली लिहिलं होतं, ‘अजगराचे पिल्लू. बिनविषारी.’ चित्रात अंगभर साखळीसारखे गोल डाग, तीन रांगांत, आणि त्रिकोणी डोकं. मी चष्मा पुसला. ती घोणस होती.

“हे कुठून घेतलंस रे?”

“नेटवरनं, बाई. सात ठिकानी त्येच लिवलंय.”

आम्ही दोघं बसलो आणि ती सातही ठिकाणं उघडली. सातही पानांवर तेच चित्र, तीच वाक्यं, शुद्धलेखनाची चूकही तीच. कोणी लिहिलं, पत्ता नाही. केव्हा लिहिलं, तारीख नाही. एका पानावर मधोमध केस वाढवण्याच्या तेलाची जाहिरात. साक्षीदार सात, पण सगळ्यांनी साक्ष एकाच वकिलाकडून पाठ केलेली. मग उठून ५९७.९६ ला गेलो. ते सापांचं घर. पुस्तक काढलं, चित्रं शेजारी शेजारी ठेवली. अजगराचे डाग वेडेवाकडे, नकाशातल्या बेटांसारखे, घोणशीचे साखळीसारखे. डिवचलं तर कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. पोरगा बघत राहिला आणि हळूच म्हणाला, “बाई, ह्यो आमच्या बांधावर हाय. आज्जा म्हनला, अजगराचं पिल्लू हाय, उंदरं खातंय, ऱ्हाऊ दे.”

त्यानंतर आम्ही परत महाजालावरच गेलो. हो, महाजालावरच. कारण तिथे खरं सांगणारेही आहेत. फक्त ते ओरडत नाहीत. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात साप चावून सुमारे १२ लाख माणसं गेली असावीत, असा अंदाज सांगणारा २०२० सालचा अभ्यास तिथे संशोधकांच्या नावानिशी होता. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर मिळून चालणारं एकच प्रतिविष असतं, ते रुग्णालयात मिळतं, मांत्रिकाकडे नाही, हेही तिथेच सापडलं. विकिपीडियावर ‘इतिहास’ नावाची जागा असते आणि कोणी कधी काय बदललं ते तिथे दिसतं, हेही मी त्याला दाखवलं. मराठी विकिपीडिया २००३ सालच्या महाराष्ट्र दिनी सुरू झाला, म्हणजे पोराहून वयाने मोठा. पण त्यावरचा एखादा परिच्छेद कालच जन्मलेला असू शकतो, हे ऐकून तो फार खूश झाला. पुस्तक घरी नेऊन त्याने आज्जाला चित्र दाखवलं. आज्जा काय म्हणाले ते छापण्याजोगं नाही. पण बांधावर आता काठी आपटत आणि बूट घालून जातात.

हे काम कोणत्या अभ्यासक्रमात आहे? कोणत्याच नाही. कोणत्या विषयशिक्षकाला याला वेळ आहे? कोणालाच नाही, त्याला ‘पोर्शन’ संपवायचा आहे. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आले, फार चांगलं झालं. जपानात १९९४ साली मोटारीच्या सुट्या भागांसाठी काढलेली ही चौकट धड्याखाली येऊन बसली. पण चौकटीमागे नेणारा फोन ज्याच्या बापाच्या खिशात आहे आणि बाप उसात आहे, त्या पोराने धडा कुठे बघायचा? ग्रंथालयात. आणि ग्रंथालयात जोडणी आहे का? संगणक कक्षात आहे. संगणक कक्षाची किल्ली? ती कार्यालयात असते. आणि कार्यालय? जेवायला गेलेलं असतं.

आता तर विचारलं की गोड बोलून लगेच उत्तर देणारी यंत्रं आली आहेत. नववीतल्या एका मुलीने त्यातल्या एकाला दुष्काळावरच्या पाच मराठी पुस्तकांची नावं विचारली. त्याने नम्रपणे पाच दिली. त्यातली दोन कोणी कधी लिहिलीच नाहीत. लेखक खरे, प्रकाशक खरे, पुस्तकं नाहीत! मी सगळीकडे शोधून पाहिली. ‘हे आमच्याकडे नाही’ असं सरळ सांगता येणं, हा ग्रंथपालाचा पहिला गुण आहे. मी सव्वीस वर्षं त्याचाच पगार घेते आहे. या यंत्राला तेवढं एक वाक्य जड जातं.

तरीसुद्धा मागच्या सभेत एका सन्माननीय सदस्यांनी विषय मांडला, की ग्रंथालयाचा हॉल रिकामा करून तिथे ‘स्मार्ट रूम’ करावी, पुस्तकं जिन्याखालच्या खोलीत हलवावी, आणि बाई निवृत्त झाल्यावर जागा भरू नये. “आता ग्रंथपाल हवाच कशाला? पोरगं विचारील, गूगल सांगेल!” सदस्यांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान आहे. तिथे गठ्ठे आहेत, भाव लिहिलेले आहेत, आरसाही आहे. तरी गिऱ्हाईक आलं की तीन माणसं पुढे होतात, गादीवर बसवतात, चहा मागवतात आणि “वहिनी, हा रंग धुतल्यावर जाईल, हा घ्या” असं सांगतात. गिऱ्हाईकाला गठ्ठ्यांत मोकळं सोडून दिवाणजींना त्यांनी अजून घरी पाठवलेलं नाही. साडीच्या रंगाची एवढी काळजी, आणि सापाच्या बाबतीत गूगल सांगेल!

मी लेखी उत्तर दिलं आहे. मागण्या फार नाहीत. संगणक कक्षातल्या जोडणीची एक तार ग्रंथालयापर्यंत आणावी. भिंत मधे एकच आहे. आठवड्याला प्रत्येक वर्गाचा एक तास, जो कोणी रजेवर गेलं म्हणून कापला जाणार नाही. किल्ली माझ्याकडे. आणि माझ्यानंतर माणूस. त्याला मी दोन महिने शेजारी बसवून ॲ आणि अॅ मधला फरकसुद्धा शिकवून जाईन, फुकट. मुख्याध्यापकांनी अर्ज वाचला आणि “बघू या” म्हणाले. ठराव पुढच्या सभेत येणार आहे.

दरम्यान मी शिपाईमामांना घेऊन जिन्याखालची खोली मोजून आले. तिचं दार अडीच फूट रुंद आहे. आमची सागवानी कपाटं तीन फूट आहेत, आणि ती सुटी होत नाहीत. ही माहिती समितीला मी अजून दिलेली नाही. त्यांनी ती गूगलवर शोधावी.